जपानी पुतळ्या घ्यावयाच्या कोठें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्यानें मिरची तोडून मिळविलेल्या मजुरींतून जपानी चित्रकथेंतील एका वीराची पुतळी मोबाइलवरून मागविली. आठच दिवसांत तिचा हात गळून पडला. घरीं सर्व जण त्याच्या खुळास हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. पैसे घामाचे होते आणि माल नकली होता.

नाताळच्या भेटीसाठीं पालकही आतां विचारूं लागले आहेत, म्हणून सांगतों. जपानांतील 'गुड स्माईल' कंपनीची 'नेंडोरॉइड' पुतळी सुमारें १० सेंटिमीटर उंच असते, व अस्सल पुतळीच्या खोक्यावर करणाराचें आणि मूळ चित्रकथेच्या हक्कदारांचें नांव छापलेलें असतें. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह आपल्या देशांत सक्तीचें आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोडे पाहून झाले कीं, खेळण्यांच्या पालावरही खोकें उलटून पाहावें. त्यांत लाज कसली?

आमचें मत विचाराल तर पुतळीआधीं पुस्तक घ्यावें. 'मांगा' पुस्तकें ग्रंथविक्रेत्याकडून मागवितां येतात. सुरतेस जाणाऱ्या आप्तासही सांगून पाहावें. एक पुस्तक साऱ्या भावंडांस पुरतें. तें उजवीकडून डावीकडे वाचावयाचें असतें; बांधणी उलटी झाली म्हणून कोणीं परत धाडूं नये!

त्या विद्यार्थ्याच्या पुतळीचा हात आम्हीं चिकटवून दिला आहे. ती कपाटावर उभी राहते. खेळावयास मात्र उपयोगी नाहीं.