संकेतस्थळ कोणाच्या नावावर?

शेतकरी उत्पादक कंपनीचा माल तयार झाला की संकेतस्थळाचा विषय संचालक मंडळापुढे येतो आणि बहुधा दरपत्रके पाहून अर्ध्या तासात संपतो. बियाणे घेताना लेबल, लॉट क्रमांक व उगवणशक्ती तपासणारे शेतकरी येथे मात्र मुखपृष्ठाच्या रंगसंगतीवर समाधान मानतात.

पहिला प्रश्न मालकीचा आहे. डोमेनची नोंदणी संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर असेल, तर तो बदलताना कंपनीला आपला पत्ताच गमवावा लागू शकतो. डोमेन व होस्टिंग कंपनीच्याच नावाने घ्यावे. वर्डप्रेससारखी मुक्त प्रणाली याच कारणासाठी सोयीची ठरते. काम करणारा पुण्यातील असो वा चंदीगडजवळच्या डेराबस्सीतील, ते पुढे दुसऱ्याला चालवता येते. मात्र ती अद्ययावत न ठेवल्यास घुसखोरीचा धोका असतो. म्हणून वार्षिक देखभालीचा करार हवाच.

लिपीकडे तर याहून अधिक दुर्लक्ष होते. अनेक पीक सल्ले आजही चित्ररूपात किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधील पीडीएफ स्वरूपात चढवले जातात. वाचकाला त्यात ‘बोंडअळी’ दिसते. जुन्या फॉन्टमध्ये आतून ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक साखळी असते आणि शोधयंत्राच्या हाती तीच लागते. परिणामी कपाशीत डोमकळी दिसताच मोबाइलवर शोध घेणाऱ्या शेतकऱ्यापुढे अभ्यासपूर्ण सल्ल्याऐवजी कीटकनाशकाची जाहिरात येऊ शकते. मजकूर युनिकोडमध्ये व थेट पानावर असावा, त्यावर तारीख असावी आणि शिवारातील क्षीण रेंजमध्येही उघडेल इतके पान हलके असावे. शीर्षकात शेतकऱ्याच्या तोंडचे नाव हवे; ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ खाली गेले तरी बिघडत नाही, कीटकशास्त्रज्ञांना ते कितीही वर हवे असले तरी.

जाहिरातीचा खर्च यानंतरचा. कामगंध सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ ते १० पतंग आढळल्याशिवाय गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करू नये, असे सांगणाऱ्यांनी ग्राहक कोठून येतो हे न मोजता जाहिरातीवर पैसा ओतणे विसंगत आहे. महिनाभर प्रत्येक चौकशीची नोंद ठेवावी. बहुतेक चौकशा व्हॉट्सअ‍ॅपवरून येत असतील, तर महागड्या ऑनलाइन दुकानाची घाई कशाला?

जैविक कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्यांनी अधिक सावध राहावे. नोव्हेंबर २०२२ मधील नियमदुरुस्तीनंतर परवानाधारकांना ई-वाणिज्याद्वारे कीटकनाशके विकता येतात आणि ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया यांसारखी उत्पादनेही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत आहेत. लेबलवर ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’ असे निराधार दावे करण्यास १९७१ च्या नियमांत मनाई आहे. संकेतस्थळाचा मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तो तेच शब्द डब्याच्या छायाचित्राशेजारी ठळक अक्षरांत छापतो. परवाना मात्र कंपनीच्या नावावर असतो. असा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रातील पीक संरक्षण विषयतज्ज्ञाने मंजूर लेबलशी ताडून पाहावा आणि ही अट करारातच लिहावी.