यादी जुळली नाही, म्हणून बाई खोटी?

दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा दोष यादीत असू शकतो, हे मान्य करायला आपली शासनयंत्रणा तयार नाही. तिच्या लेखी दोष बाईचाच.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला दरमहा १५०० रुपये. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, तेव्हा अर्ज धडाधड मंजूर झाले. मतदान उरकले आणि मग सरकारला पडताळणी आठवली. चारचाकी वाहनांची यादी, इतर योजनांच्या याद्या, सगळ्या एकमेकींवर ठेवून पाहणे सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचे पैसे जूनपासून थांबवले आहेत. त्यांत पुरुषही निघाले. असे खोटे लाभार्थी वगळलेच पाहिजेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण पैसे आधी थांबवायचे आणि छाननी मागाहून करायची, हा कुठला न्याय?

ही जुळवणी होते कशी, ते समजून घेऊ या. दोन तक्ते जोडायचे तर दोन्हींत एक रकाना समान लागतो. तो क्रमांकाचा असेल तर काम सोपे, नावाचा असेल तर आपली पंचाईत. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचे, बँकेत इंग्रजी अक्षरांत तिसरेच काहीतरी. कुठे लग्नात तिचे स्वतःचे नावसुद्धा बदललेले. सुनीता एका यादीत दीर्घ, दुसरीत ह्रस्व. संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. उलट एकाच गावात, एकाच आडनावाच्या दोन सुनीता असल्या, तर तक्त्यात शोध घेणारे नेहमीचे सूत्र पहिली सापडली की तिथेच थांबते आणि एकीची माहिती दुसरीला चिकटते. एक्सेलमध्ये सोळा अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला, तर शेवटच्या अंकाचे शून्य होते. आणि फक्त जुळलेल्या ओळींचीच नवी यादी काढली, तर न जुळलेल्या ओळी गुपचूप गळून पडतात. गळालेल्यांची वेगळी यादी कुणी मागितल्याशिवाय निघत नाही.

इथवर झाल्या यंत्राच्या चुका. खरा प्रश्न ‘कुटुंब’ या रकान्याचा आहे. समजा, नवऱ्याने टाकलेली बाई दहा वर्षे माहेरी राहते, मजुरीवर मुले वाढवते. तिचे नाव मात्र अजून सासरच्या रेशनकार्डावर आहे. नवऱ्याने गाडी घेतली की कागदोपत्री तिच्याही कुटुंबात गाडी आली! सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागण्यात आला. ज्याने घराबाहेर काढले त्याच्याच मोबाइलवरचा ओटीपी तिने मागून आणायचा. ओरड झाल्यावर मुदत वाढली आणि नवरा किंवा वडील नसलेल्यांना मृत्यूचा दाखला अथवा घटस्फोटाचा, न्यायालयाचा कागद द्यायची सोय झाली. परित्यक्तेने काय द्यायचे? तिचा नवरा जिवंत आहे आणि घटस्फोट झालेला नाही. टाकून दिल्याचा दाखला कुठला नवरा देतो? गेली चाळीस वर्षे परित्यक्तांच्या परिषदा घेऊन स्त्री-चळवळ हेच सांगत आली. योजनेच्या निकषांत ‘परित्यक्ता’ हा शब्द आला खरा, पण तक्त्यात तिला रकाना मिळाला नाही.

‘संगणकाने काढलेली यादी आहे, आम्ही काय करणार?’ असे उत्तर कार्यालयात मिळते. संगणक निकष ठरवत नाही. कोणता रकाना कशाशी जोडायचा हे माणसेच ठरवतात, आणि त्या माणसांना जाब विचारता येतो.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. याद्यांची जुळणी ही शंका समजावी, निकाल नव्हे. पैसे थांबवण्याआधी बाईला मराठीत कारण कळवून तिचे म्हणणे ऐकावे. नावातल्या फरकाची दुरुस्ती कार्यालयाने करावी, त्यासाठी बाईची रोजंदारी बुडू नये. परित्यक्तेचे स्वयंघोषणापत्र आणि स्थानिक चौकशी पुरेशी मानावी. कोणत्या कारणाने किती जणी वगळल्या याचे आकडे तालुकावार जाहीर करावेत. नावे मात्र फलकावर लावू नयेत. बाईची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याची गरज नाही.

आपापल्या तालुक्यात माहितीच्या अधिकाराखाली हे आकडे मागा. गटाच्या बैठकीत पैसे थांबलेल्या बायकांची कारणांसह वही ठेवा. सरकारच्या यादीसमोर आपली यादी ठेवल्याशिवाय या बायका कुणाला दिसणार नाहीत.