रेडिएटरवरचा सेन्सर भाडेकरूचा वापर मोजतो, मग भिंतींचा हिशेब कोण ठेवणार?

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांच्या हातात वर्षाचा हीटिंगचा हिशेब पडला की पहिला प्रश्न हाच असतो : हा आकडा आला कुठून?

सेन्सर काय करतो?
रेडिएटरवर बसवलेल्या छोट्या डबीत सहसा दोन सेन्सर असतात. एक रेडिएटरचं तापमान मोजतो, दुसरा खोलीतल्या हवेचं. दोन्हींतला फरक जितका जास्त आणि जितका वेळ टिकतो, तितके युनिट वाढतात. रेडिएटरच्या आकारानुसार त्यांना गुणक लागतो. आकडे रेडिओ लहरींनी जातात, त्यामुळे रीडिंगसाठी कुणी घरात यावं लागत नाही. पण हे विजेच्या मीटरवरचे युनिट नव्हेत. इमारतीच्या खर्चातला तुमचा वाटा काढण्याचा हा स्वस्तातला अंदाज आहे.

बिल कसं निघतं?
१९८१ पासूनच्या नियमानुसार साधारणपणे ५० ते ७० टक्के खर्च वापरावर, उरलेला बहुधा क्षेत्रफळावर वाटला जातो. समजा, इमारतीचा खर्च १०,००० युरो आणि वापराचा हिस्सा ७० टक्के. तुमचे युनिट एकूण युनिटच्या ४ टक्के, तर २८० युरो. क्षेत्रफळ ५ टक्के, तर आणखी १५० युरो. एकूण ४३० युरो.

तुमचा हक्क काय?
वापरानुसार हिशेब दिलाच नाही, तर भाडेकरू आपल्या वाट्यातून १५ टक्के कापू शकतो. दुरून वाचता येणारी उपकरणं असतील, तर २०२२ पासून वापराची माहिती दरमहा मिळायला हवी. २०२६ अखेरपर्यंत जुनी उपकरणंही बदलायची आहेत.

मग अडचण कुठे?
कोपऱ्यातल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरातून उष्णता जास्त बाहेर जाते. तिथला भाडेकरू कितीही काटकसरी असला तरी त्याचे युनिट वाढतात. सेन्सरला रेडिएटर दिसतो, भिंत दिसत नाही. आणि भिंतीला इन्सुलेशन करणं भाडेकरूच्या हातात नसतं, ते घरमालकाचं काम.

२०२३ पासून हीटिंगवरचं कार्बन शुल्क दोघांत वाटलं जातं; सर्वांत वाईट निवासी इमारतींत ९५ टक्के मालकाकडे. दिशा योग्य आहे, पण ही वाटणी फक्त शुल्काची, इंधनाच्या पूर्ण खर्चाची नाही.

बॉयलरचं रोजचं इंधन आणि बाहेरचं तापमान शेजारी मांडलं, तर इमारत किती उष्णता गमावते याचाही अंदाज येतो. भाडेकरूला दरमहा त्याचा आकडा दाखवता, मग इमारतीचाही दाखवा. मोजमाप एकाच बाजूचं असेल, तर बिल अचूक असूनही न्याय्य ठरत नाही.