फिशटँकखालची मॅट: मऊपणा नको, घट्टपणा पाहा

बिनचौकटीची काचेची टाकी घेताना लोक काचेची जाडी विचारतात, सिलिकॉनचे जोड निरखतात, फिल्टर आणि दिव्यांवर खल करतात. खाली काय अंथरायचे हा प्रश्न शेवटी येतो आणि हाताशी असेल तो तुकडा सरकवून मिटवला जातो. हे चुकीचे आहे. चौकटीच्या टाकीत भार कडांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर जातो, तळाची काच अधांतरी राहते. बिनचौकटीच्या टाकीत सगळा भार तळकाच थेट स्टँडवर टाकते. म्हणून मॅट ही अशा टाकीचा भागच मानली पाहिजे, आणि ती मऊपणा किंवा जाडी बघून निवडता कामा नये.

जपानच्या अ‍ॅक्वा डिझाइन अमानो कंपनीमुळे लोकप्रिय झालेले ६० × ३० × ३६ सेंटिमीटरचे माप घ्या. त्यात सुमारे ६५ लिटर पाणी मावते. काच, माती, दगड धरून वजन ८० किलोच्या आसपास जाते. पण तळ १,८०० चौरस सेंटिमीटरचा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४५ ग्रॅम. इतका भार काच सहज पेलते. धोका वजनात नाही, ते एका जागी एकवटण्यात आहे. स्टँडच्या प्लायवर राहिलेला वाळूचा खडा किंवा किंचित वर आलेले स्क्रूचे डोके तळकाचेला एकाच ठिकाणी रेटते. काच दाबाला भक्कम, पण ताणाला कच्ची असते; ताण आला की पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यातून तडा जाऊ शकतो. मॅट असेल तर खडा तिच्यात रुततो आणि भार पसरतो. तिचे काम एवढेच.

त्यासाठी तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा घट्ट फोम पुरतो. त्यातले हवेचे कप्पे बंद असावेत, म्हणजे तो पाणी पीत नाही. ईव्हीए फोमचा शीट चांगला चालतो. मॅट तळाच्या मापाची, अखंड हवी. उशीतला स्पंज वजनाखाली चपटा होतो आणि सांडलेले पाणी धरून प्लाय कुजवतो. थर्माकोलवर कितीतरी टाक्या वर्षानुवर्षे सुखरूप आहेत, मग बदलायचे कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. दाट, एकसारख्या जाडीचा थर्माकोल आजही वापरता येतो. मात्र तो एकदा दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही. टाकी हलवली तर नवा घ्यावा लागतो. चांगला फोम बराचसा सावरतो.

मॅट जितकी जाड तितके बरे, स्टँड थोडा वाकडा असला तरी ती सांभाळून घेईल, हा समज सर्वांत घातक आहे. मॅट खडा गिळते, फळीचा बाक नाही. फळी जिथे खोलगट तिथे मॅट नीट दबतच नाही आणि भार बाकीच्या भागावर चढतो. म्हणून आधी लांब, सरळ पट्टी फळीवर आडवी-उभी-तिरकी धरून मागे टॉर्च लावावा. मधून उजेडाची फट दिसली तर सुताराला बोलवावे. मॅट पुढची गोष्ट. नंतर पाणसळ ठेवून उतार तपासावा. चौकटीच्या टाकीखाली मात्र मॅट घालू नये, कारण ती अधांतरी तळकाचेला खालून रेटू शकते. बनवणाऱ्याने वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळावी.

काच जाड असल्यावर मॅट कशाला, असेही विचारले जाते. जाड काच कमी वाकते हे खरे, पण खड्याचा ओरखडा तिलाही पडतो. शिवाय फिल्टर किंवा दिवा केव्हाही बदलता येतो. भरलेल्या टाकीखालची मॅट बदलायची तर पाणी, मासे, झाडे, दगड सारे बाहेर काढावे लागते. म्हणून टाकी बनवणाऱ्यांनी योग्य मापाची मॅट टाकीसोबतच द्यावी, तिची किंमत बिलात वेगळी दाखवावी, आणि ग्राहकानेही ती मागूनच घ्यावी.