पत्र्याचा तुकडा

साखरप्याच्या घरी काकांची जुनी फोर व्हील ड्राईव्ह जीप आहे. ती विकायची म्हटलं की सगळे गहिवरतात, तपासायची म्हटलं की सगळे कामात असतात. मे महिन्यात ती आंब्याच्या पेट्या वाहते आणि गणपतीत आमची पोरंटोरं.

मागे गेलो तेव्हा दादा म्हणाला, "अरे, क्लच सोडला की मागून 'टक्' होतं. डिफरन्शियल गेलंय म्हणे." म्हणे! त्याआधी दुसऱ्या एका मेकॅनिकने प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बदलून दिले होते. पैसे गेले, आवाज जागच्या जागी.

माझं डोकं फिरतं ते इथेच. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत सुटायचं आणि आवाज थांबला की आपण थांबायचं. 'कशावरून?' हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही.

'टक्' म्हणजे कुठेतरी ढिलाई. ती क्रॉसमध्ये असेल, क्राऊन-पिनियनच्या दातांत असेल, अ‍ॅक्सलच्या स्प्लाईनमध्ये असेल, नाहीतर अ‍ॅक्सल हबमध्ये बसतो तिथे. हे हाताने शोधता येतं. आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली, मागचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. अ‍ॅक्सलच्या टोकापासून हबपर्यंत खडूची एक सरळ रेघ मारली आणि चाक पुढे-मागे हलवलं. उजवीकडे रेघ सरळ राहिली. डावीकडे ती तुटली! हब हलत होता, अ‍ॅक्सल जागेवर.

नट काढून पुलरने हब ओढला. आत काय असावं? निमुळत्या टोकाभोवती गुंडाळलेला डब्याचा पत्रा! ढिलाई भरून काढायला कुणीतरी केव्हातरी कोंबलेला. चावीची खाच रुंद झालेली, टोक झिजून गुळगुळीत. खरं तर या जोडाचा भार त्या निमुळत्या टोकाच्या घट्ट पकडीने घ्यायचा असतो. नट सैल राहिला की पकड सुटते, सगळे धक्के बिचाऱ्या चावीवर येतात.

दादा म्हणाला, "लेथवाल्याकडे भरून, टर्न करून घेऊ." एरवी काटकसर मलाही प्रिय आहे, पण इथे मी अडून बसलो. अ‍ॅक्सल हा कडक केलेल्या पोलादाचा. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा बिघडतो आणि वेल्डच्या कडेला भेग सुरू होऊ शकते. शिवाय या जीपमध्ये मागचा अ‍ॅक्सल चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर ड्रमसकट चाक निघून जातं. आंबा घाट उतरताना मागे पोरं बसलेली असतात, दादा!

शेवटी शाफ्ट आणि हब दोन्ही नवे घेतले, कारण झिजलेला हब नवा शाफ्टही खातो. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे. नट टॉर्क रेंचने आवळला. पिनचं भोक जुळेना, तर नट आणखी पुढे घेतला, मागे नाही. स्प्लिट पिन नवी.

आणि पुतणे महाशय, डांबरी रस्त्यावर 'ग्रिप मिळते' म्हणून फोर व्हील टाकणं बंद! आपल्या जीपला मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. चिखलात चाकं घसरून ते जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर तो पीळ शाफ्टवर पडतो.

हिशेब केला तेव्हा कळलं, आधीच्या अंदाजांवर गेलेले पैसे या खऱ्या दुरुस्तीपेक्षा जास्त होते. खडू मात्र घरातलाच होता..

तो पत्रा मी डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, फेकू नका.

असो. दादा, वाचत असशील तर: थोडी गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासायचा ठरलं होतं. तपासलास?