घरातला वेगळा पेला



ज्या रोगावर औषध नाही, त्या रोगाने माणूस दगावला तर आपण हळहळतो. परंतु औषध आहे, ते सरकार विनामूल्य देते, आणि तरीही माणूस दगावतो, तेव्हा दोष कोणाचा हे विचारलेच पाहिजे. एच. आय. व्ही.ची स्थिती आज नेमकी अशी आहे.

1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांतून या रोगावरील ए. आर. टी. औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. आपल्या छत्रपती संभाजीनगरात ती घाटी रुग्णालयात मिळतात. बहुतेक प्रौढ रुग्णांस आता दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर विषाणू दबतो व माणूस कामधंदा करतो. रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही रोग दुसऱ्यास होत नाही, हे जगातील वैद्यकाने मान्य केले आहे. मात्र गोळ्या वरचेवर चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि पुढे तो त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका उत्पन्न होतो.

मग गोळी चुकते का? गरीब माणूस बेफिकीर असतो, असे उत्तर सुशिक्षित लोक चटकन देतात. ते आम्हांस साफ नामंजूर आहे. जो मजूर भल्या पहाटे कामासाठी नाक्यावर उभा राहतो, जी बाई चार घरची धुणीभांडी वेळेवर उरकते, त्यांना वेळ पाळता येत नाही काय? औषध आणावयास जावे तर दिवसाची मजुरी बुडते. कन्नड-सिल्लोडकडून यावे तर वर गाडीभाडे. आणि सर्वांत मोठी अडचण घरातच आहे. सासूच्या दृष्टीस पडेल म्हणून सून गोळ्यांची बाटली धान्यात लपवते. घरात पाहुणे असले की त्या दिवसाची गोळी राहून जाते. ही बेफिकिरी नव्हे, ही भीती आहे. आणि ही भीती घालणारे आपणच आहोत.

हा शब्द कठोर वाटेल. परंतु ज्यांच्या आजोबांना पाणी वरून, ओंजळीत घ्यावे लागले, त्यांच्याच घरात आज आजाऱ्याचा पेला वेगळा, ताट वेगळे, अंथरूण ओसरीवर! एच. आय. व्ही. पेल्यातून होत नाही, ताटातून होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. मग जी शिवाशिव टाकून आपण दीक्षा घेतली, तिलाच मागील दाराने घरात का घेतले?

विनयपिटकात एका आजारी भिक्षूची कथा आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगून त्याला स्वतः आंघोळ घातली, बिछान्यावर निजविले, आणि संघाला जाब विचारला. तो जाब आज आपल्यालाही लागू आहे.

कायदाही रुग्णाच्या बाजूस आहे. 2017 चा एच. आय. व्ही. व एड्स अधिनियम 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. त्याच्या कलम 29 अन्वये अशा व्यक्तीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. घराच्या कोणत्याही भागातून तिला वगळता येत नाही, व तेथील सोयी भेदभावाविना वापरू द्याव्या लागतात. कलम 8 प्रमाणे तिच्या संमतीवाचून तिच्या रोगाचा बोभाटा करता येत नाही. नोकरीचे म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाने 1997 सालीच, एका सार्वजनिक उपक्रमाने दूर सारलेल्या मजुराच्या खटल्यात, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसास केवळ या रोगापायी कामावरून काढता येत नाही, असा निर्णय दिला. न्यायालयाने त्याचे नावही गुप्त राखले.

परंतु रोज रात्री गोळीची आठवण करून देण्यास न्यायालय येणार नाही. ते काम घरच्या माणसाचे. औषधाच्या दिवशी बरोबर जावे. वस्तीने चार पैसे जमवून बुडालेली मजुरी व गाडीभाडे भरून द्यावे, आणि रोग कोणता हे विचारूही नये. कोणी विश्वासाने सांगितले, तर ते आपल्यापाशीच राहू द्यावे.

गोळी सरकारने दिली आहे. ती घेण्यासाठी घोटभर पाणी आपण द्यावयाचे आहे, आणि तेही आपल्याच पेल्यातून.