रेताड जमिनीवरील पायवाट

भारतीय संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. ज्या समाजाला सार्वजनिक वाटेवरून चालणे नाकारले गेले, त्याच्या वस्तीतील काँक्रीटची पायवाट आम्हांस म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही.

नदीकाठच्या वस्तीत ती खचली की दोष वाळूस दिला जातो. हे आम्हांस मान्य नाही. वाळू काळ्या मातीप्रमाणे फुगत वा आकसत नाही. मात्र ती सैल राहिली किंवा कडेने पाण्याबरोबर वाहून गेली, की काँक्रीटखाली पोकळी होऊन ते तडकते. त्यावर नवा थर चढविणे हा उपाय नव्हे. जुने काँक्रीट उखडावे, वाळू भिजवून थराथराने धुम्मस करावी, कडा बांधून पाण्याला निचरा द्यावा. सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट घालून दीड-दीड मीटरवर सांधे ठेवावेत व किमान 7 दिवस ते ओले राखावे.

उद्घाटनाच्या दिवशी यांतले बहुतेक काही दिसत नाही. म्हणूनच ते टाळले जाते. वस्तीने कामाचे अंदाजपत्रक मागितलेच पाहिजे. सुटीत गावी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते सर्वांस वाचून दाखवावे, ही अपेक्षा. जय भीम!